पाणी तेच, मग स्नानसंस्कार पुन्हा का?



आज प्रायश्चित्तकाळातील तिसरा रविवार. आजच्या शुभवर्तमानात (योहान ४) एक शोमरोनी स्त्री भर दुपारी घागर घेऊन याकोबाच्या विहिरीवर येते आणि तेथे तिला थकूनभागून बसलेला प्रभू येशू भेटतो. आज मिस्साच्या वेळी आपल्या धर्मग्रामातील एक भगिनी वेदीपुढे उभी राहील आणि आपण सर्व जण तिच्यासाठी विशेष प्रार्थना करू. ईस्टरच्या आदल्या रात्री, जागरणविधीच्या वेळी, तिला स्नानसंस्कार देण्यात येणार आहे.

गेले काही रविवार चर्चच्या आवारात एक कुजबुज आमच्या कानांवर येत आहे. कोणी म्हणतात, "ती तर आधीच ख्रिस्ती होती, मग पुन्हा बाप्तिस्मा कशाला?" दुसरे कोणी म्हणतात, "ती मॉर्मन होती म्हणे. त्यांचा येशू वेगळाच असतो." हे दुसरे वाक्य गांधीबाग विभागाच्या कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी, चहाचे कप फिरत असताना, तिच्या पाठीमागे दोन हातांवर बोलले गेले आणि ते तिने ऐकले. ज्यांनी उच्चारले त्यांच्या मनात वाईट नव्हते, हे आम्ही जाणतो. पण ती त्या रात्री जेवली नाही, हेही आम्हांला कळले आहे. म्हणून तिच्या व तिच्या पतीच्या परवानगीने, नावे न घेता, आज आपण या विषयावर मोकळेपणाने बोलू या.

एका घराची गोष्ट

गांधीबागेत, कापड बाजाराच्या मागच्या बाजूला, आपले एक जुने कुटुंब राहते. खाली दिवसभर कापडाच्या गाठी उतरवणाऱ्या हातगाड्यांचा गलबला, आणि वर दुसऱ्या मजल्यावर अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले एक वृद्ध गृहस्थ. त्यांचा एकुलता एक मुलगा याच चर्चमध्ये लहानपणी वेदीसेवक होता. शिक्षण संपल्यावर तो नोकरीसाठी हैदराबादला गेला. तेथे दर रविवारी तो आपल्या एका चर्चमध्ये मागच्या बाकावर बसत असे. वर्षभरात कोणी त्याला त्याचे नाव विचारले नाही. पुढे त्याला टायफॉइड झाला. खोलीत एकटा पडून असताना शेजारच्या इमारतीतील दोन तरुण मुगाची खिचडी घेऊन आले. ते रोज आले. ते ज्या मंडळीचे होते, त्या मंडळीत बरा झाल्यावर तोही जाऊ लागला आणि काही महिन्यांनी त्यांनी त्याला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा दिला.

तिथेच त्याची पत्नी त्याला भेटली. ती तेलुगू भाषिक हिंदू घरातील. त्याच मंडळीत येऊन दोन वर्षे झालेली. दोघांचा विवाह झाला. त्यांना मुलगा झाला आणि तो नऊ दिवस जगला. त्या मंडळीतील बायकांनी महिनाभर त्यांच्या घरी चूल पेटू दिली नाही. रोज कोणी ना कोणी डबा घेऊन येत असे.

दोन वर्षांपूर्वी वडिलांना झटका आला आणि दोघे नागपूरला परतले. सून घरी आली ती चहा न पिणारी, कारण त्या मंडळीत चहा, कॉफी, मद्य आणि तंबाखू वर्ज्य आहेत. पण सासऱ्यांना सकाळ-संध्याकाळ चहा तीच करून देई. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही त्या घरी ख्रिस्तशरीर घेऊन जात असू, तेव्हा ती दाराशी उभी राहून पाही. सासऱ्यांचा उजवा हात उचलत नाही. ते डाव्या हाताने कसाबसा क्रूस करत, आणि मग तोच हात तिच्या कपाळाकडे नेऊन तिच्यावरही क्रूसाची खूण करत. एके दिवशी तिने विचारले, "फादर, आमच्या मंडळीत रविवारी भाकर आणि पाणी देतात. ती आठवण असते. बाबा जे घेतात ते काय आहे? ते घेताना बाबा रडतात का?"

तेथून या गोष्टीची सुरुवात झाली. कोणी वाद घातला नाही, कोणी पत्रक वाटले नाही. एका आजारी माणसाचा ख्रिस्तशरीरावरचा विश्वास पाहून ती दाराशी आली.

ते लोक कोण?

ज्यांना आपण मॉर्मन म्हणतो, त्यांच्या मंडळीचे पूर्ण नाव 'अखेरच्या दिवसांतील संतांची येशू ख्रिस्ताची मंडळी' असे आहे. आपल्याला मॉर्मन न म्हणता पूर्ण नावाने ओळखावे, अशी विनंती त्यांनी २०१८ साली सर्वांना केली आहे. शेजाऱ्याला त्याच्या आवडीच्या नावाने हाक मारणे हा साधा शिष्टाचार आहे, तो आपणही पाळावा. जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात ही मंडळी स्थापन केली. १८४४ साली जमावाने त्यांची हत्या केली. त्यानंतर ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली १८४७ साली त्यांचे अनुयायी खडतर प्रवास करून युटाच्या खोऱ्यात गेले आणि तेथे त्यांनी वस्ती केली.

आपल्या महाराष्ट्रालाही हे लोक अगदी नवे नाहीत. ह्यू फिंडले नावाचे त्यांचे मिशनरी १८५२ साली मुंबईला उतरले आणि त्याच वर्षी पुण्यात त्यांनी एक लहानशी शाखा उभी केली. लष्करी छावणीत प्रचार करण्यास त्यांना मनाई झाली, तरी ते खचले नाहीत. मात्र नव्या विश्वासणाऱ्यांनी शक्यतो युटाला जावे अशी त्या काळी त्यांची शिकवण होती, आणि १८५६ पर्यंत त्यांचे हिंदुस्थानातील काम थांबले. जे जहाजावर चढले ते गेले; जे येथेच राहिले, त्यांचा मेंढपाळ गेला. एक घर सोडलेले आणि दुसरे घर उरलेले नाही, अशी माणसाची स्थिती किती अवघड असते, याचा विचार आपण पुढे करणार आहोत, म्हणून हे येथे सांगितले.

हे लोक प्रभू येशूला देवाचा पुत्र व तारणारा मानतात. बायबल वाचतात, त्याबरोबर १८३० साली प्रसिद्ध झालेले मॉर्मनचे पुस्तकही पवित्र मानतात. उत्पन्नाचा दहावा हिस्सा देतात. महिन्यातून एका रविवारी दोन वेळचे जेवण सोडतात आणि त्याचे पैसे गरिबांसाठी ठेवतात. आठवड्यातील एक संध्याकाळ, बहुधा सोमवारची, घरच्या सर्वांनी एकत्र प्रार्थनेसाठी राखून ठेवतात. प्रायश्चित्तकाळात हे वाचताना आपल्यालाच थोडी लाज वाटावी, असे हे आचरण आहे.

मग स्नानसंस्कार पुन्हा का?

येथे प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. ख्रिस्तसभा कोणालाही पुन्हा स्नानसंस्कार देत नाही. स्नानसंस्कार एकदाच होतो. आपल्याच नागपुरात, ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये, २९ नोव्हेंबर १९७० रोजी अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. त्या मंडळीतील किंवा मेथडिस्ट मंडळीतील कोणी आपल्याकडे आले, तर त्यांना आम्ही विश्वास प्रकट करण्यास सांगतो, दृढीकरण व ख्रिस्तशरीर देतो, पण त्यांच्या डोक्यावर पुन्हा पाणी ओतत नाही. तिसऱ्या शतकात याच प्रश्नावर मोठा वाद झाला होता. आफ्रिकेतील बिशप संत सिप्रियन म्हणत, बाहेरचा बाप्तिस्मा बाप्तिस्माच नव्हे. रोमचे पोप संत स्टीफन म्हणत, तो पुन्हा द्यायचा नाही. ख्रिस्तसभेने पोप स्टीफन यांची बाजू घेतली. पुढे संत ऑगस्टीन यांनी शिकवले की पाणी ओतणारा हात कोणाचाही असो, स्नान घालणारा ख्रिस्तच असतो. म्हणजे दुसऱ्याचा बाप्तिस्मा खोटा ठरवण्याची घाई ख्रिस्तसभेला कधीच नव्हती.

तरीसुद्धा ५ जून २००१ रोजी व्हॅटिकनमधील श्रद्धासिद्धांत विभागाने, पोप दुसरे जॉन पॉल यांच्या संमतीने, उत्तर दिले की या मंडळीतील बाप्तिस्मा ग्राह्य नाही. त्या उत्तरावर विभागाचे प्रमुख कार्डिनल जोसेफ रॅट्झिंगर यांची सही आहे. तेच पुढे पोप सोळावे बेनेडिक्ट झाले. असे का ठरले? पाणी तेच आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही नावेही तीच आहेत. मग अडचण कोठे आहे?

आपल्या बोलण्यातले एक उदाहरण घेऊ. घरात कोणी ओरडले, "मामा आले!" तर मुले धावत दाराशी जातात. तेच शब्द चौकात हेल्मेट न घातलेल्या स्वारांमध्ये कोणी उच्चारले, तर सर्व जण गाडी वळवतात. शब्द एक, पण मनातला माणूस वेगळा. आपण 'पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा' म्हणतो तेव्हा आपल्या मनात एकच देव असतो, एकाच ईश्वरी तत्त्वाचा, तीन व्यक्तींमध्ये. आपण दर रविवारी उभे राहून हेच प्रकट करतो. त्या मंडळीची शिकवण अशी की पित्याला हाडामांसाचे शरीर आहे, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे तीन वेगवेगळे आहेत, जे हेतूने एक आहेत. ही शिकवण त्यांनी लपवलेली नाही, ते ती उघडपणे मांडतात. पण नावे तीच असली तरी ज्या देवाच्या नावाने पाणी ओतायचे त्याच्याविषयीची समजूत इतकी निराळी आहे, की ख्रिस्तसभा जो संस्कार देते तोच तेथे दिला जातो असे म्हणता येत नाही. प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे, की ती मंडळीही आपला स्नानसंस्कार मानत नाही. म्हणूनच त्यांनी आमच्या या मुलाला पाण्यात बुडवले होते.

यातून दोघांचे मार्ग वेगळे होतात. पतीला बाळपणी याच चर्चमध्ये स्नानसंस्कार मिळाला होता, तो कोणी पुसू शकत नाही. तो प्रायश्चित्त संस्कार घेऊन आणि विश्वास प्रकट करून घरी परत आला आहे. पत्नीसाठी ईस्टरच्या रात्रीचे स्नान हे पहिलेच असेल. दोघांच्या विवाहाचेही ख्रिस्तसभेच्या नियमांप्रमाणे जे करावयाचे ते त्यानंतर होईल.

तिचे दोन प्रश्न

हे सर्व तिला समजावून सांगितले, तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "फादर, म्हणजे पाण्यातून वर आले तेव्हा मी रडले होते, ते खोटे होते? इतकी वर्षे प्रार्थना केली, ती कोणी ऐकलीच नाही?"

बंधू-भगिनींनो, या प्रश्नाचे उत्तर चुकले तर आपण एका माणसाच्या आतले काहीतरी मोडून टाकू. आम्ही तिला प्रेषितांची कृत्ये, अध्याय १९ उघडून दिला. इफिस नगरात संत पौलाला सुमारे बारा शिष्य भेटतात. ते विश्वास ठेवणारे आहेत, पण त्यांना योहानाचाच बाप्तिस्मा मिळालेला आहे. पवित्र आत्म्याविषयी त्यांनी ऐकलेलेही नाही. पौल त्यांना ढोंगी म्हणत नाही. योहानाने तुम्हांला फसवले असेही म्हणत नाही. योहान ज्याच्याकडे बोट दाखवत होता तो येशूच आहे, एवढेच तो सांगतो, आणि मग त्यांना प्रभू येशूच्या नावाने स्नान दिले जाते. त्यांचा मागचा प्रवास वाया गेला नाही. तोच त्यांना पौलापर्यंत घेऊन आला.

म्हणून आम्ही तिला म्हणालो, "मुली, संस्कार झाला नव्हता, असे ख्रिस्तसभा म्हणते. देव तेथे नव्हता, असे ती म्हणत नाही. तू ज्याला हाक मारत होतीस, त्यानेच तुला येथे आणले. तुझे रडणे त्याने मोजले आहे."

दुसरा प्रश्न तिने लगेच विचारला नाही. तीन आठवड्यांनी, सासऱ्यांना औषध देऊन झाल्यावर, जिन्यापर्यंत सोडायला आली तेव्हा विचारला. त्या मंडळीत अशी शिकवण आहे की मंदिरातील विशेष विधीने पती, पत्नी आणि मुले अनंतकाळासाठी एकमेकांशी बांधली जातात. असे मंदिर तेव्हा भारतात नव्हते. बाळ गेल्यावर दोघांनी परदेशातील मंदिरात जाऊन तो विधी करून घेण्यासाठी पैसे साठवायला सुरुवात केली होती. ते पैसे वडिलांच्या दवाखान्यात खर्च झाले. तिने विचारले, "मी इकडे आले, तर माझे बाळ माझे राहील का? तिथे मला सांगितले होते की लहान मुले थेट देवाकडे जातात. तुमच्याकडे बाप्तिस्मा न झालेल्या बाळांचे काय होते?"

जिन्यात उभे राहून उत्तर देणे आम्हांला सोपे गेले नाही, कारण आपल्याच समाजात या प्रश्नाने पुष्कळ मातांना दुखावले आहे. स्नानसंस्काराविना गेलेल्या बाळांना आशीर्वादित जमिनीत पुरत नसत, तो काळ आठवणाऱ्या आजीबाई अजूनही आहेत. कोणाच्या तरी बाळाला कुंपणाबाहेर पुरले आणि आईने आयुष्यभर तो विषय पुन्हा काढला नाही, अशा घरांच्या आठवणी आहेत.

पण ती रीत म्हणजे ख्रिस्तसभेचे शेवटचे वचन नव्हते. अशी बाळे एका वेगळ्या, ना सुखाच्या ना दुःखाच्या जागी राहतात, हे मत पुष्कळ काळ शिकवले गेले, तरी ते कधीच बंधनकारक श्रद्धातत्त्व नव्हते. आजचा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो की ख्रिस्तसभा या बाळांना देवाच्या दयेवर सोपवते आणि त्यांच्या तारणाची आशा धरते. २००७ साली आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या संमतीने या आशेवरच एक सविस्तर लेख प्रसिद्ध केला. आईवडिलांची स्नानसंस्कार देण्याची इच्छा होती आणि त्याआधीच बाळ गेले, तर बिशपांच्या परवानगीने त्याचा अंत्यविधी ख्रिस्तसभेच्या विधीप्रमाणे होऊ शकतो.

आम्ही तिला खोटी हमी दिली नाही. ख्रिस्तसभा 'आशा' हा शब्द वापरते, आणि आम्हीही तोच वापरला. पण ज्या देवाने बालकांना आपल्याजवळ येऊ द्या म्हणून शिष्यांना दटावले, त्याच्यावर ठेवलेली आशा म्हणजे हवेत सोडलेला धागा नव्हे. तो धागा त्याच्या हातात बांधलेला आहे.

आणि बाळ तिचे राहील का? सदूकी लोकांनी प्रभूला पुनरुत्थानाविषयी विचारले, तेव्हा त्याने सांगितले की तेथे लग्ने होत नाहीत (मत्तय २२). येथे आपल्या विश्वासाचा आणि त्या मंडळीच्या शिकवणीचा मार्ग वेगळा होतो, हे तिला आम्ही लपवून ठेवले नाही. पण त्याच उत्तरात पुढे प्रभू देवाचे नाव सांगतो: अब्राहामाचा, इसहाकाचा आणि याकोबाचा देव. आजोबा, मुलगा, नातू! देव स्वतःची ओळख एका घराच्या नात्यांनी करून देतो आणि ते तिघेही त्याच्यासाठी जिवंत आहेत असे प्रभू म्हणतो. ज्याने ही नाती निर्माण केली तो ती पुसणार नाही. ती टिकवण्यासाठी विमानाचे तिकीट लागत नाही आणि पैसेही साठवावे लागत नाहीत. दर मिस्साच्या वेळी स्वर्गातील सर्व आपल्याबरोबर एकत्र येतात, तीच संतांची सहभागिता.

त्या नोव्हेंबरात, मृतांच्या महिन्यात, तिने एका चिठ्ठीवर बाळाचे नाव लिहून वेदीजवळच्या टोपलीत टाकले. नऊ दिवसांच्या त्या बाळाचे नाव प्रथमच चर्चमध्ये वाचले गेले. सासऱ्यांना त्या दिवशी खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून, खाली आणले होते.

विहिरीवर प्रभूने काय केले?

आता आजच्या शुभवर्तमानाकडे वळू या. शोमरोनी आणि यहुदी यांच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर होते. दोघेही याकोबाला पूर्वज मानत. दोघेही मोशेचे ग्रंथ वाचत. पण भक्ती कोणत्या डोंगरावर करायची, यावर भांडण होते. त्या स्त्रीने प्रभूला तोच प्रश्न विचारला. प्रभूने गुळमुळीत उत्तर दिले नाही. सर्व मार्ग सारखेच, असे म्हणून तिला खूष केले नाही. तुम्हांला ज्याची ओळख नाही त्याची तुम्ही भक्ती करता, हे त्याने तिला स्पष्टपणे सांगितले.

पण हे सांगण्याआधी त्याने काय केले, ते पाहा. त्याने तिच्याकडे पाणी मागितले. तिच्या घागरीला तो बाटला नाही. सत्य सांगणारा आधी याचक झाला. आपल्या धर्मग्रामाला आज हाच धडा हवा आहे. तिला सत्य सांगायचे हे खरे, पण आधी तिच्या घागरीतले पाणी प्यायला हवे. ती सोमवारची घरची प्रार्थना घेऊन आली आहे. आपल्यापैकी कितीकांच्या घरी संध्याकाळी टीव्हीच्या आधी रोजरी होते? ती उपवासाचे पैसे गरिबांना देण्याची सवय घेऊन आली आहे. आपला शुक्रवारचा उपवास कोणाच्या ताटात जातो? तिच्या बाळंतपणानंतर महिनाभर डबे देणाऱ्या बायका तिने पाहिल्या आहेत. आपल्या गांधीबाग विभागात कोणी आजारी पडले तर किती डबे जातात?

पोप फ्रान्सिस यांनी ९ मार्च २०१९ रोजी त्या मंडळीचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांची व्हॅटिकनमध्ये आदराने भेट घेतली. २००१ चे उत्तर त्यामुळे बदलले नाही. श्रद्धेतील फरक राखूनही माणसांनी एकमेकांचा मान राखता येतो, हेच त्या भेटीने दाखवले.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांना अँग्लिकन मंडळीत बाप्तिस्मा मिळाला. त्यानंतर इंग्लंड-अमेरिकेत ख्रिस्ती लोकांचे इतके पंथ त्यांनी पाहिले की त्या गोंधळून गेल्या. त्रैक्याच्या शिकवणीविषयीही त्यांना प्रश्न पडले आणि ते त्यांनी आपल्या गुरुभगिनींना निर्भयपणे लिहून कळवले. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी कबूल केले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण स्वतः ख्रिस्त त्यानंतर कित्येक वर्षांनी भेटला. रमाबाई आपल्या ख्रिस्तसभेत आल्या नाहीत, तरी त्यांचे हे बोल आपल्यासाठीही आहेत. एखादी व्यक्ती आपल्याकडे येते, तिला योग्य स्नानसंस्कार मिळतो, योग्य विश्वासप्रकटीकरण पाठ होते, नोंदवहीत नाव चढते. आणि मागच्या बाकावर ती एकटी बसते. मग तिला धर्म सापडला, पण ख्रिस्त कोठे दिसला? तिच्या पतीने आपले घर का सोडले ते आठवा. कोणी त्याला चुकीचे तत्त्वज्ञान पटवून दिले म्हणून तो गेला नाही. त्याचे नाव कोणी विचारले नाही, म्हणून तो गेला.

आपण काय करू या?

एक, ईस्टरपर्यंत रोज एकदा तरी या भगिनीसाठी प्रार्थना करू या. नाव ठाऊक नसले तरी देवाला ते ठाऊक आहे.

दोन, तिच्या मागच्या मंडळीची थट्टा तिच्यासमोर किंवा तिच्या पाठीमागे कोणी करू नये. त्या लोकांनी आपल्या मुलाला खिचडी भरवली आहे. त्यांचे आभार मानूनच आपण त्यांच्याशी मतभेद ठेवू या.

तीन, कोणी तिला विचारले की तुझा पुन्हा बाप्तिस्मा का, तर तिने उत्तर देत बसू नये. तुम्ही द्या. आता तुम्हांला ते ठाऊक आहे.

चार, आजपासून प्रत्येकाने मिस्सा संपल्यावर आपल्या बाकावरच्या एका तरी अनोळखी व्यक्तीला नाव विचारावे. नोकरीसाठी नागपूरला आलेली कितीतरी मुले-मुली आपल्या मागच्या बाकांवर बसतात. त्यांच्यापैकी कोणाला उद्या टायफॉइड झाला, तर खिचडी घेऊन कोण जाणार?

पाच, ज्या मातांच्या पोटची बाळे स्नानसंस्काराआधीच गेली, त्यांनी आम्हांला येऊन भेटावे. कितीही वर्षे झाली असली तरी यावे. त्या बाळांची नावे वेदीपुढे वाचली जातील. ज्यांनी नाव ठेवण्याआधीच बाळ गमावले, त्यांनी आता नाव ठेवावे.

शोमरोनी स्त्रीने शेवटी घागर विहिरीवरच ठेवली आणि ती गावाकडे धावली. गाव तिच्यामागून प्रभूकडे आले. ज्या गावाने तिला भर दुपारी एकटे पाणी भरायला लावले, तेच गाव तिच्यामुळे प्रभूला भेटले! आमचा अंदाज आहे की या ईस्टरला आपल्या धर्मग्रामातही असेच काहीसे घडेल. आपण समजतो की आपण तिला आणत आहोत. कदाचित तीच आपल्याला आणत असेल.

प्रार्थना करू या: हे प्रभो येशू, तू तहानेला होऊन विहिरीवर बसलास आणि परक्या स्त्रीकडे पाणी मागितलेस. आमच्या या भगिनीला तुझ्या जिवंत पाण्याने न्हाऊ घाल. तिने आजवर तुला मारलेली एकही हाक वाया गेली नाही, हे तिला कळू दे. तिच्या बाळाला तुझ्या मांडीवर घे. आम्हांला सत्य सांगण्याचे धैर्य दे आणि ते सांगण्याआधी दुसऱ्याच्या घागरीतले पाणी पिण्याची नम्रता दे. आमेन.